हौदातले गप्पी, काचेतले गोल्डफिश

घरात बोलायला माणूस नाही, म्हणून पोराने मला मासे आणून दिले. आता ह्याला काय म्हणावं? कुत्रं आणलं असतं तर निदान भुंकलं असतं. मासा म्हणजे तोंड उघडतो, मिटतो, आणि एक शब्द बाहेर पडत नाही. असल्या माणसाबरोबर मी आधीच सगळा संसार केलेला होता.

तो माणूस म्हणजे आमचे हे. आरोग्य खात्यात होते, हिवतापाच्या कामावर. सेनगावच्या भोवतालची खेडी आणि तांडे आधी सायकलवर आणि पुढे फटफटीवर पालथे घालायचे. हँडलला एक प्लास्टिकची कॅन टांगलेली आणि कॅनमध्ये गप्पी मासे. बोटाच्या पेराएवढा मासा, पण डासाच्या अळ्या खाण्यात राक्षस. जिथे हौद दिसेल, विहीर दिसेल, तिथे हे ओंजळभर गप्पी सोडायचे, लोकांना चार गोष्टी सांगायचे आणि पुढच्या गावाला लागायचे. लोक त्यांना मच्छरवाले साहेब म्हणत आणि मला मच्छरवाल्या बाई. लग्न होऊन आले तेव्हा बाजारात हे पहिल्यांदा ऐकलं आणि मी त्या भाजीवालीशी भांडलेच. नंतर सवय झाली. माझं भांडणही लवकर होतं आणि सवयही लवकर होते.

बाहेर हे चार गोष्टी सांगतात, हे मी नुसतं ऐकून होते. घरात चार शब्द निघाले तर नशीब. "जेवता का?" "हं." "चहा ठेवू?" "हं." प्रश्न मीच विचारायचे आणि कंटाळून उत्तरही मीच द्यायचे. माझी आई डोंगरकड्याहून आली की म्हणायची, "जावई लई गुणाचा हाय, एका शब्दानं दुखवत न्हाई." मी म्हणायचे, "शब्दच काढत न्हाई, तर दुखवंल कशानं?"

अंगणात आमचा हौद होता. दगडी, अर्धा जमिनीत आणि अर्धा वर, आतून शेवाळलेला. मी ह्या घरात आले त्याच्याही आधी ह्यांनी त्यात गप्पी सोडले होते. त्यांचीच लेकरं, नातवंडं, पणतवंडं त्यात फिरत राहिली. हौद ह्यांचा होता. त्यात हात घालू नको असं मला कधी कुणी म्हटलं नाही, पण त्याचं सगळं हेच बघायचे. थंडी पडली की वर गोणपाट टाकायचे, होळी झाली की काढायचे. मला वाटायचं, पाचोळा पडू नये म्हणून असेल.

बाकीचं घर माझं. आणि माझ्या घरात शुक्रवार म्हणजे कोरडा दिवस. आठवड्यातून एकदा पाण्याचं प्रत्येक भांडं रिकामं करायचं, घासायचं, उन्हात कोरडं ठणठणीत करायचं आणि मग भरायचं, म्हणजे पाण्यात अळी धरत नाही. हे खात्याचं सांगणं. गाव ऐको न ऐको, पण मच्छरवाल्याच्याच घरात अळी निघाली तर तोंड कुठे लपवायचं? दिव्याखाली अंधार म्हणायला लोक टपलेलेच असतात. म्हणून मी रांजण, बादल्या, माठ, कूलर, कुंडीखालच्या बश्यासुद्धा पालथ्या घालायचे. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "काहून येवढी घासून राहिली, बाई? नळ का रोज येऊन राहिला?" मी तिला म्हणायचे, तुझा रांजण बघ आधी, त्यात शाळा भरली असंल अळ्यांची.

हे गेले त्याला दोन उन्हाळे झाले. फटफटीवरून उतरले, हौदाच्या काठावर टेकले, आणि उठलेच नाहीत. तेव्हाही काही बोलले नाहीत.

ह्यांचे कपडे मी देऊन टाकले. फटफटी पोराने विकली. राहिले ते गप्पी. खरं सांगायचं तर मी त्या माशांना कधी जीव लावला नव्हता, उलट सवत म्हणायचे. पण आता सकाळचा चहा घेऊन हौदाच्या काठावर बसायला लागले. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. एक मेला की मागे दहा फिरत असतात. म्हणजे ह्यांच्या हाताने सुरू झालेलं काहीतरी माझ्या अंगणात अजून चालू होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत बंद पडू नये, एवढंच माझं मागणं होतं. दुसरं मी देवाकडे काही मागितलेलं नाही.

गेल्या दिवाळीला पोरगा पुण्याहून गाडी घेऊन आला. नवी गाडी, अजून सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. ती रस्त्यावर उभी राहिली की ह्याचा जीव खाली-वर. "आई, आता नळाचं पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत जातं. ह्या हौदाचं काय काम? काढला तर गाडी आत येईल." काम नव्हतंच. मी म्हणाले, "बघ बाबा, तुला काय करायचं ते." माझ्या 'बघ बाबा'चा अर्थ 'नको' असा असतो, हे त्याच्या बापाला बरोबर कळायचं. पोराला नाही कळलं.

दोन गडी आले आणि दुपारपर्यंत हौद फुटला. पोरगं वाईट नाही हो माझं. गप्पी त्याने स्वतः पिठाच्या चाळणीने धरून बादलीत ठेवले. संध्याकाळी हिंगोलीहून काचेची पेटी घेऊन आला, बुडबुडे काढणारं यंत्र, तळाला घालायचे रंगीत खडे, आणि पिशवीत दोन गोल्डफिश. "नुसते गप्पी काय दिसणार, आई? हे बघ कसे झोकात फिरतात. तुला सोबत होईल." गप्पी आणि गोल्डफिश त्याने एकाच पाण्यात सोडले, पेटी पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली, आणि सुट्टी संपल्यावर गेला. गाडीही गेली. हौदाच्या जागी सिमेंटचा चौकोन राहिला, आणि त्यावर मी वाळवणं घालायला लागले.

गोल्डफिश म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खायला काळ अन् भुईला भार. मी पेटीजवळ गेले की दोघे काचेला तोंड लावून हजर, जन्माचे उपाशी. गप्पींना ती सवय नव्हती. हौदात त्यांचं ते बघून घ्यायचे, कुणापुढे तोंड वासायचे नाहीत. पण काय आहे, खोलीत आल्याबरोबर आपल्याकडे बघून कुणी धावत येतं, ह्याचंही माणसाला बरं वाटतं. मी शिव्या देत देत गोल्डफिशला दाणे टाकायचे.

मग शुक्रवार आला. रांजण झाला, बादल्या झाल्या, आणि समोर ही पेटी. पाण्याचं भांडंच ते, मातीचं काय आणि काचेचं काय! मासे पातेल्यात काढले, पेटी अंगणात नेऊन पालथी केली, खडे चोळून धुतले, काच राखेने घासली, सगळं उन्हात कोरडं केलं आणि गच्चीवरच्या टाकीचं ताजं पाणी भरलं. अशी चकाकली की पाणी आहे की नाही कळेना. मला फार समाधान वाटलं. हे असते तर बघून 'हं' तरी म्हणाले असते.

शनिवारी सकाळी दोन गप्पी पोट वर करून तरंगत होते.

मी म्हटलं, जागा बदलली, होतं असं. पण पुढच्या शुक्रवारनंतर पुन्हा तेच. त्यात थंडी चढली. आमच्याकडे तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की थंडी हाडात शिरते. खिडकीजवळची काच हाताला बर्फ लागायची. गप्पी तळाला जाऊन शेपट्या मिटून बसायचे, एसटी चुकलेल्या म्हाताऱ्यांसारखे अंग चोरून. गोल्डफिशना थंडीचं काहीच नव्हतं. मेल्यांनी उलट अंग धरलं.

गप्पी मेला की मला वाटायचं, पाणी खराब झालं. मग मी आणखी जोर लावून घासायचे. शुक्रवार पुरेना, म्हणून मंगळवारीही पेटी पालथी घालायला लागले.

एका सकाळी खड्यांमध्ये काहीतरी हललं. वाकून बघते तर पिल्लं. नुसते दोन डोळे आणि एक रेघ. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणाले, "अहो, बघा." म्हटल्यावर लक्षात आलं. तेवढ्यात दोघांतला मोठा गोल्डफिश आला आणि एक पिल्लू त्याने बघता बघता गिळलं. मग दुसरं. मी काचेवर हात मारला, त्याला काय फरक पडतो? "पाहुणा म्हणून आलास," मी म्हणाले, "आणि घरच्यांचीच लेकरं खायला लागलास?" तो काचेला तोंड लावून माझ्याकडेच खायला मागत होता.

पोराचा फोन रविवारी येतो. मी त्याला सांगितलं. त्याने दुकानदाराला विचारलं आणि मला परत फोन केला. म्हणाला, "आई, तो म्हणतो हे दोन मासे एकत्र ठेवत नाहीत. गोल्डफिशला गार पाणी लागतं, गप्पीला कोमट. नाहीतर हीटर बसवा म्हणतो, पण मग गोल्डफिशला त्रास."

"हे आणताना न्हाई सुचलं त्याला?"

"मीच विचारलं नव्हतं," पोरगा म्हणाला. "मला वाटलं, तुला माशांचं माहीत असेल."

एकाला गार, एकाला कोमट. फोन ठेवल्यावर मला हसू आलं. आमचं तरी दुसरं काय होतं? मला पौषात गोधडीवर गोधडी लागायची आणि ह्यांना पंखा. रोज पंख्याच्या बटणावरून भांडण, म्हणजे मी भांडायचे आणि हे उठून बटण दाबायचे. कुणी हीटर लावला नव्हता, तरी निघाले ना दिवस. माझ्या मनात आलं, मासेही निभावतील. नाही निभावलं त्यांनी. गप्पी एकेक करून गेले.

शेवटी एक मादी राहिली. पोटुशी होती, शेपटीच्या बाजूला पोटावर काळा डाग चढला होता. मी तिला गोल्डफिशपासून काढून लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवलं आणि बरणी स्वयंपाकघरात गॅसशेजारी ठेवली, ऊब राहावी म्हणून. लेकीच्या बाळंतपणासारखी मी तिला जपत होते. शुक्रवारी बरणी स्वच्छ धुतली आणि ताजं पाणी भरलं. शनिवारी ती गेली, पोटातल्यांसकट.

ह्यांच्या वेळी मी चारचौघांत रडले होते. बायका धरायला होत्या, पाणी पाजायला होत्या, ते रडणंच सगळ्यांचं होतं. ह्या वेळी घरात मी आणि ते दोन ऐतखाऊ. मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले आणि मग उठून तिला जास्वंदाखाली पुरलं. ह्यांचं अंगणातलं सगळं माझ्याच हाताने संपलं, असं वाटत होतं. का संपलं ते मात्र कळत नव्हतं.

मग मला एकच गोष्ट सुचली. ह्यांनी आख्ख्या तालुक्यात मासे वाटले, त्यांतले कुठेतरी असतीलच. गावात हिंडले. कुणाचा हौद फुटलेला, कुणाचा बुजवलेला, सगळ्यांच्या गच्चीवर झाकणाच्या काळ्या टाक्या. लोक म्हणत, "गप्पी? आता कोण ठेवतंय, बाई?" तेव्हा एक तांडा आठवला. तिकडून आले की ह्यांच्या डब्यात भाकरी तशीच असायची आणि मी कटकट करायचे. एकदाच बोलले होते, "तांड्यात खाल्लं." मी स्टीलचा कडीचा डबा घेतला, जीपमध्ये बसले, आणि फाट्यापासून पुढे चालत गेले.

पहिल्याच घरासमोर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं, "कोन पायजे, बाई?"

"मी मच्छरवाल्या साहेबांच्या घरची."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराने बाज पुसली. "बसा. ते बी हितंच बसायचे. साहेब गेल्याचं कळलं आमाला. लई वाईट झालं. तेवढं बोलणारं मानूस पुन्हा आलं न्हाई तांड्यावर."

"कोण बोलणारं?"

"साहेबच की. भाकर खाताना बोलायचे, खाऊन झाल्यावर बी बोलायचे. आमचा म्हातारा म्हनायचा, ह्या मानसाला घरी कुनी आयकायला न्हाई का काय?"

मी हसले. कसंतरीच हसले असेन, कारण तिने लगेच पाण्याचा तांब्या पुढे केला. मी कशासाठी आले ते सांगितलं, तशी ती मला मागे घेऊन गेली. तिथे जनावरांचा लांबडा हौद होता. पाणी हिरवंगार, कडेला शेवाळाचा थर. मी घासणारी बाई, माझा जीव कासावीस झाला. आणि त्या पाण्यात गप्पीच गप्पी. मोठे, बारके, आज जन्मलेले. एका टोकाला हौदावर गोणपाट टाकलेलं होतं.

"हा कधी धुता तुम्ही?" मी विचारलं.

"ह्याला कोन धुतंय, बाई? साहेबांची सक्त ताकीद व्हती. ज्या पान्यात मासे, त्या पान्याला कोरडा दिवस न्हाई. सारं पानी बदललं की मासा मरतो. थोडं काढा, थोडं घाला. थंडीत गोणपाट टाका, त्येला गार सोसत न्हाई. दर खेपेला सांगायचे. आमाला पाठ झालं तरी सांगायचे."

मी हौदाचा काठ धरला. "मला नाही कधी सांगितलं," मी म्हणाले.

तिला वाटलं मी चेष्टा करते. "तुमाला काहून सांगतील? ते तर म्हनायचे, माझ्या घरी काही सांगावं लागत न्हाई. तिला सगळं बराबर समजतं, न सांगता. आमच्या सुनांना तुमचं उदाहरण द्यायचे, बाई."

जन्मभर मी ज्या एका शब्दाची वाट बघितली तो हा शब्द. आणि तो त्या तांड्यातल्या म्हशींनीसुद्धा माझ्या आधी ऐकला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, खोटं कशाला बोलू. पण राग त्याच्या दुप्पट आला. ह्यांचा आला, पोराचा आला, माझ्या शहाणपणाचा आला. मला सांगावं लागत नाही, म्हणून मला कुणी काही सांगितलंच नाही. गोणपाट कशाला ते नाही. छातीत कधी कळ येत होती का, तेही नाही. म्हातारी डब्यात मासे भरत होती, आणि मी पदराचं टोक तोंडात धरून उभी होते.

तिने त्याच हौदाचं हिरवं पाणी डब्यात घातलं, मूठभर शेवाळही टाकलं. मी नको म्हटलं नाही.

घरी आले, रांजण गॅसशेजारच्या भिंतीला लावला, भरून रात्रभर तसाच ठेवला, नळाच्या औषधाचा वास जाऊ दिला, आणि मग डब्यातलं पाणी माशांसकट हळूहळू त्यात सोडलं. भोवती गोणपाट गुंडाळलं. गोल्डफिश काचेतच राहिले. ते तरी कुठे जाणार? शुक्रवारी बादल्या घासल्या, माठ घासला, आणि रांजणाजवळ येऊन हात मागे बांधून उभी राहिले. सवयीने हात शिवशिवत होते. पाणी हिरवट व्हायला लागलं होतं आणि गप्पी वर येऊन फिरत होते.

रविवारी पोराचा फोन आला. "आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"काही लागतं का?"

ह्याला मी नेहमी 'काही नको' म्हणते. आणि मग तो 'बरं, ठेवतो' म्हणतो.

"लागतं," मी म्हणाले. "मला सांगत जा."

"काय सांगू?"

"काहीबी. जेवलास काय, हापिसात कुनी बोललं का, गाडी कुठं लावलीस. भांडला असशील कुनाशी तर ते."

तो हसला. "तुला काय सांगायचं, आई? तुला तर सगळं न सांगता कळतं."

थेट बापाचा आवाज.

"न्हाई रे बाबा," मी म्हणाले. "मला काही कळत न्हाई. मला सांगावं लागतं."

फोन कट झाला की काय, म्हणून मी कानावरून काढून बघितला. चालू होता. काचेतले दोघे माझ्याकडे बघून तोंड उघडत-मिटत होते. मग तो हळूच म्हणाला, "आज मी खिचडी लावली होती, आई. करपली. तशीच खाल्ली."

"मग?" मी म्हणाले. "पुढं सांग." स्टुलावर पेटी होती, म्हणून मी तिथेच जमिनीवर बसले.